मातृभाषेसाठीं झगडणारा लाफोंतेन

कॅनडाच्या पार्लमेंटांत आज इंग्रजीच्या बरोबरीनें फ्रेंच भाषेस स्थान आहे. परंतु एके काळीं तेथील विधिमंडळाच्या दप्तरांतून ही भाषा कायद्यानेंच हद्दपार झाली होती. तिला परत आणणारांत लुई इपोलित लाफोंतेन याचें नांव प्रथम घ्यावें लागतें.

लाफोंतेनचा जन्म १८०७ सालीं माँट्रियलजवळ झाला. वकिली करीत असतां १८३० मध्यें तो विधिमंडळांत निवडून आला. १८३७ सालीं फ्रेंच प्रांतांत बंड उसळलें. शस्त्राचा मार्ग त्यास मान्य नव्हता. तरीहि पुढील वर्षीं सरकारनें त्यास तुरुंगांत टाकलें व खटला न चालवितां सोडून दिलें. १८४१ मध्यें इंग्रजी व फ्रेंच प्रांत एकत्र जोडण्यांत आले. फ्रेंच समाज इंग्रजांत विरून जावा, हा त्यामागील हेतु. म्हणून दप्तर केवळ इंग्रजींत ठेवण्याचें कलम कायद्यांत घातलें गेलें.

त्याच वर्षीं निवडणुकींत विरोधकांचे सशस्त्र जमाव पाहून रक्तपात टाळण्यासाठीं लाफोंतेननें माघार घेतली. तेव्हां रॉबर्ट बॉल्डविन या इंग्रजीभाषी पुढाऱ्यानें आपल्या प्रांतांतील यॉर्क येथून त्यास निवडून आणविलें. पुढें बॉल्डविनचा पराभव होतांच १८४३ मध्यें रिमूस्कीच्या फ्रेंच मतदारांनीं त्यास निवडून देऊन हें ऋण फेडलें.

१८४२ सालीं लाफोंतेन सभागृहांत फ्रेंचमध्यें बोलूं लागला, तोंच इंग्रजींत बोलण्याची सूचना झाली. इंग्रजी फ्रेंचइतकीच अवगत असती तरीहि पहिलें भाषण मातृभाषेंतच केलें असतें, असें त्यानें उत्तर दिलें. तो व बॉल्डविन मंत्री झाले. पण गव्हर्नर मेटकाफ मंत्र्यांस न विचारतां नेमणुका करी, म्हणून १८४३ मध्यें त्यांनीं राजीनामे दिले. हिंदुस्थानांतील वृत्तपत्रांवरील बंधनें १८३५ सालीं काढणारा मेटकाफ तो हाच.

१८४८ मध्यें बहुमताच्या बळावर लाफोंतेन पुन्हां अधिकारारूढ झाला. भाषेचें तें कलम त्याच सालीं रद्द झालें. १८४९ च्या एप्रिलांत, बंडांत नुकसान सोसलेल्यांना भरपाई देणाऱ्या बिलास गव्हर्नर एल्गिननें संमति देतांच माँट्रियलच्या संतप्त जमावानें विधिमंडळाची इमारत जाळली. लाफोंतेनच्या घरावरहि हल्ला झाला. परंतु कायदा टिकला आणि बहुमताचें राज्यहि टिकलें. हा एल्गिन पुढें १८६२ सालीं हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला.

लाफोंतेन १८५१ सालीं राजकारणांतून निवृत्त झाला, १८५३ मध्यें मुख्य न्यायाधीश झाला व १८६४ मध्यें निधन पावला. आपल्या भाषेचा हक्क त्यानें परभाषी मित्राच्या साह्यानें मिळविला, हेंच त्याच्या चरित्राचें सार होय.