दुसऱ्या पट्ट्याचा हिशेब

फळमाशीचं अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतं. ते घातल्यावर तीनेक तासांत भ्रूणावर ‘ईव्हन-स्किप्ड’ हे जनुक सात आडव्या पट्ट्यांत चालू झालेलं दिसतं. क्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी हायडेलबर्गमध्ये केलेल्या, १९८० साली प्रसिद्ध झालेल्या शोधातून हे जनुक पुढे आलं. १९९५च्या नोबेलमागे तेच काम होतं. प्रथिनं जनुकांची बटणं दाबतात, असं आपण शाळेपासून ऐकतो. मला ते अपुरं वाटतं, आणि त्याचं कारण या सातांतला दुसरा पट्टा आहे. त्याचा ताबा जनुकाजवळच्या सुमारे ४८० अक्षरांच्या डीएनए तुकड्याकडे आहे. या तुकड्यापासून कोणतंही प्रथिन बनत नाही. चार प्रथिनं मात्र त्यावर येऊन बसतात. बायकॉइड आणि हंचबॅक जनुक चालू करू पाहतात, तर जायंट पुढच्या बाजूने आणि क्रुपेल मागच्या बाजूने त्याला अडवतं. पहिली दोन भरपूर आणि नंतरची दोन विरळ, अशा चिंचोळ्या जागेतच पट्टा उमटतो. जायंट नसलेल्या भ्रूणात तो पुढे पसरतो, क्रुपेल नसलेल्या भ्रूणात मागे. याहून बोलका पुरावा असा, की जायंट शाबूत ठेवून तुकड्यातल्या त्याच्या बसायच्या जागा तेवढ्या बिघडवल्या, तरी पट्टा पुढे पसरतोच. म्हणजे प्रथिनं फक्त खबर आणतात. तिचा अर्थ लावतो तो हा तुकडा.

यावर कुणी ‘आयलेस’चा दाखला देईल. वॉल्टर गेरिंग यांच्या बासेलच्या गटाने १९९५ साली हे एकच प्रथिन भलत्या जागी बनवायला लावून माशीच्या पायांवर आणि पंखांवर डोळे उगवून दाखवले. मग एकटं प्रथिन पुरेसं नाही का? आक्षेप वजनदार आहे, पण त्याच प्रयोगाचा दुसरा भाग विसरून चालणार नाही. उंदराचं तेच जनुक माशीत घातलं, तेव्हा उगवला तो माशीचाच डोळा, उंदराचा नव्हे. हुकूम उंदराच्या प्रथिनाचा, अंमलबजावणी माशीच्या डीएनएची. माणसातही हेच दिसतं. हातापायांच्या घडणीतलं ‘सोनिक हेजहॉग’ जनुक सुमारे दहा लाख अक्षरं दूर असलेल्या एका तुकड्याच्या ताब्यात असतं. काही कुटुंबांत त्या तुकड्यातलं एकच अक्षर बदललेलं आढळलं. त्या घरांतली मुलं जादा बोटं घेऊन जन्मतात, आणि त्यांच्या सोनिक हेजहॉग प्रथिनात मात्र काडीचाही दोष नसतो.