सिलिकाचे नॅनो कण आणि कॅन्सरचं औषध : त्या व्हिडिओत खरं किती?

गेल्या महिन्यात नांदेडहून मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला. 'नॅनो कण फक्त कॅन्सर मारतात, केस गळत नाहीत!' खाली मेसेज : "दादा, हे कुठं मिळतं? आईची पुढची केमो थांबवू का?"

मावशीला स्तनाचा कॅन्सर आहे. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. लगेच फोन केला आणि म्हणालो, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही थांबवू नको." मग वाचायला बसलो. जे समजलं ते सोप्या भाषेत सांगतो.

अडचण काय आहे?

केमोत बऱ्याचदा डॉक्सोरुबिसिन नावाचं लाल औषध देतात. ते शिरेतून जातं आणि रक्तासोबत अंगभर फिरतं. वेगाने वाढणाऱ्या पेशी मारणं हे त्याचं काम. केसांच्या मुळांतल्या पेशीही वेगाने वाढतात, म्हणून केस गळतात. डोस जास्त झाला तर हृदयालाही धोका असतो.

सिलिका कुठून आलं?

नवीन बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी असते ना? तिच्यात बारीक छिद्रं असतात, म्हणून ती ओल शोषते. १९९२ मध्ये मोबिल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी एमसीएम-४१ नावाचं सिलिका जगासमोर आणलं. त्यात मधाच्या पोळ्यासारखी एकसारखी छिद्रं असतात, साधारण २ ते ४ नॅनोमीटरची. अशा एका ग्रॅममध्ये आतला पृष्ठभाग सुमारे १००० चौरस मीटर भरतो, म्हणजे जवळपास १० गुंठे! २००१ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी त्यात आयबुप्रोफेन हे वेदनाशामक भरून दाखवलं.

लातूरची पाण्याची रेल्वे आठवते?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. वॅगन मिरजेत भरायच्या, लातुरात रिकाम्या करायच्या. इथेही कल्पना तीच : कण म्हणजे वॅगन, औषध म्हणजे पाणी. छिद्रांच्या तोंडाला झाकण लावतात. रक्ताचा पीएच ७.४ असतो, तिथे झाकण बंद. पेशीने कण गिळला की तो आतल्या आम्लयुक्त पिशवीत जातो, तिथे पीएच ५ च्या आसपास असतो. मग झाकण सुटतं आणि औषध बाहेर येतं.

मग अडलंय कुठे?

रेल्वेला रूळ असतात, रक्तात रूळ नाहीत. बरेच कण यकृत आणि प्लीहा मध्येच अडवतात. उंदरात जमलेलं माणसात जमेलच असं नाही. त्यामुळे सच्छिद्र सिलिकात भरलेलं कॅन्सरचं औषध अजून नेहमीच्या उपचारात आलेलं नाही.

पण नॅनो वाहक ही नुसती थाप नाही. स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशवीत भरलेल्या डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत १९९५ मध्येच मान्यता मिळाली. ते भारतातही मिळतं. कोणाला द्यायचं, हे मात्र कॅन्सरचे डॉक्टरच ठरवतात.

मावशीची केमो ठरल्या तारखेला झाली. भावाला मी एकच गोष्ट शिकवली. असा व्हिडिओ आला की आधी विचारायचं : हे प्रयोगशाळेत झालंय, उंदरात, की माणसात?