घरगुती विद्युत उपकरणांची दुरुस्ती : अल्प खर्चात आत्मसात करावयाची विद्या

मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबात मिक्सर किंवा पंखा बंद पडणे ही लहानसहान अडचण नसते. महिनाअखेरीस तो खर्च कोठून भागवावा, हा प्रश्न उभा राहतो आणि पुष्कळदा मुलांच्या वह्या-पुस्तकांच्या पैशालाच कात्री लागते. दुकानदार ‘आतले जळाले, नवेच घ्या’ असे सांगतो. त्याचे म्हणणे खरे की खोटे हे पडताळण्याचे साधन ग्राहकापाशी नसते. खर्चाइतकेच हे परावलंबनही क्लेशदायक असते. ते दूर करण्यास पदवी लागत नाही. दहावीपर्यंतचे विज्ञान, थोडी साधने आणि पुष्कळ सावधगिरी एवढे भांडवल पुरेसे आहे.

बंद पडलेल्या उपकरणात बहुधा एखादाच भाग निकामी झालेला असतो, बाकी सर्व शाबूत असते. पिळून-पिळून आतून तुटलेली वायर, सैल झालेला स्क्रू, झिजलेले बटण, उडालेला फ्यूज, तडा गेलेले सोल्डरिंग किंवा क्षीण झालेला कपॅसिटर यांपैकीच काहीतरी वारंवार आढळते. म्हणून प्रारंभ सर्वांत साध्या शक्यतेपासून करावा. प्रथम सॉकेटमध्ये वीज आहे का, मग प्लग, मग वायर, मग बटण, आणि शेवटी उपकरणाचा अंतर्भाग. हा क्रम सोडून एकदम आतले भाग बदलू लागणारा मनुष्य पैसाही घालवतो आणि वेळही.

साधनांची यादी छोटी आहे. दोन-तीन आकारांचे स्क्रूड्रायव्हर, पक्कड, टेस्टर, २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री, सोल्डरची तार, इन्सुलेशन टेप आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर. हा मल्टिमीटर तीनशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि नवशिक्याचा खरा गुरू तोच. दोन टोके एकमेकांस जोडलेली असली की तो ‘बीप’ असा आवाज करतो. या एका सोयीने तुटलेली वायर, उडालेला फ्यूज आणि नादुरुस्त बटण हे तिन्ही दोष उघडकीस येतात. ही तपासणी उपकरणाचा वीजपुरवठा तोडूनच करावयाची असते, म्हणून ती शिकणाऱ्यास सुरक्षितही आहे.

शाळेत पाठ केलेला ओहमचा नियम येथे कसा उपयोगी पडतो, ते कपड्यांच्या इस्त्रीच्या उदाहरणावरून पाहू. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी हा नियम १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. आपल्याकडे घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. ७५० वॅटच्या इस्त्रीतून सुमारे सव्वातीन अँपिअर प्रवाह वाहतो आणि २३० ला त्या प्रवाहाने भागल्यास रोध सुमारे ७० ओहम येतो. इस्त्रीचा प्लग काढून, तापमानाची चकती ‘ऑफ’वरून पुढे फिरवून, प्लगच्या दोन बारीक पिनांमध्ये मोजणी करावी. सत्तरच्या जवळपास आकडा आला तर वायर, थर्मोस्टॅट व तापतार या तिन्हींमधून मार्ग अखंड आहे. काहीच आकडा आला नाही तर मार्ग कोठेतरी खंडित आहे. बहुधा इस्त्रीच्या मुठीपाशी जेथे वायर सतत वाकते, तेथेच. यानंतर जाड पिन आणि धातूचा तळ यांमध्ये मोजावे. तेथे रोध जवळजवळ शून्य असलाच पाहिजे, कारण ती अर्थिंगची जोडणी आहे. उलट बारीक पिनांपैकी कोणतीही तळाशी जोडलेली दिसली, तर ती इस्त्री वापरूच नये. गणिताचे एक उदाहरण येथे एखाद्याचा जीव वाचवू शकते.

छताचा पंखा मंद फिरू लागला, अथवा हाताने ढकलल्याशिवाय सुरूच होईना, तर बहुतेक वेळा दोष कपॅसिटरचा असतो. अनेक घरगुती पंख्यांत २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. जुन्यावर छापलेला आकडा पाहून तेवढ्याच क्षमतेचा, आणि व्होल्टचा आकडा जुन्याहून कमी नसलेला नवा आणावा. त्याची किंमत पंख्याच्या किमतीपुढे नगण्य असते. पंख्याला प्लग नसतो. म्हणून घराचा मुख्य स्विच बंद करावा, टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो स्वतः ठीक असल्याची खात्री करावी आणि मगच पंख्याची जोडणी तपासावी. काढलेल्या कपॅसिटरच्या टोकांना हात लावू नये. त्यात विद्युतभार साठलेला असू शकतो.

मिक्सर एकाएकी थांबला तर तळाशी असलेले लाल बटण प्रथम पाहावे. भार अति झाल्यास ते आपोआप सुटते. प्लग काढून, यंत्र थंड होऊ देऊन ते पुन्हा दाबले की पुष्कळदा काम भागते. मोटार फिरताना ठिणग्या फार दिसू लागल्या, तर कार्बन ब्रश झिजल्याची शंका घ्यावी. टीव्हीचा रिमोट चालत नसेल तर त्याचे टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बहुतेक कॅमेऱ्यांत जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. ठिपका दिसला तर बहुधा रिमोट ठीक आहे, दोष अन्यत्र शोधावा.

जुने कारागीर वापरत आलेली एक युक्ती प्रत्येकाने शिकावी. सॉकेटच्या मालिकेत तारेचा १०० वॅटचा जुना पिवळा दिवा जोडून एक फळी तयार करतात. दुरुस्त केलेला रेडिओ, टीव्ही किंवा ॲम्प्लिफायर आधी या फळीवर लावावा. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर शॉर्ट नाही. पूर्ण तेजाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, मात्र दिव्याने प्रवाह अडवल्यामुळे नव्याने बसवलेले भाग वाचतात. एलईडी दिवा येथे चालत नाही आणि इस्त्री, हिटर यांसारख्या अधिक वॅटच्या उपकरणांना ही कसोटी लागू पडत नाही. ही फळी पहिल्यांदा जाणत्याच्या देखरेखीखालीच बनवावी.

मर्यादा ओळखणे हाही कौशल्याचाच भाग आहे. मायक्रोवेव्ह ओव्हन उघडू नये. त्यातील कपॅसिटर हजारो व्होल्टचा भार प्लग काढल्यानंतरही धरून ठेवू शकतो. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीबाबतही तेच. फुगलेली मोबाइलची बॅटरी दाबू अथवा टोचू नये. केवळ बटण बंद करून उपकरण उघडू नये, प्लगच काढावा. कारण काही घरांत बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेले असते. फ्यूजच्या जागी जाड तार घालणे म्हणजे घराला आग लावण्याची तयारी. एकट्याने, ओल्या हाताने किंवा अनवाणी विजेचे काम कधीही करू नये.

सुट्या भागांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली प्रसिद्ध आहेत. तालुक्याच्या गावी भंगारातील जुनी उपकरणे हेच भांडार. भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, तारांचे रंग वहीत लिहावेत. काय बिघडले, कसे सापडले, किती खर्च आला याची नोंद ठेवणाऱ्याचे ज्ञान वर्षागणिक वाढते. अधिक शिकावयाचे असल्यास शासकीय आयटीआयमध्ये वीजतंत्री व इलेक्ट्रॉनिक्सचे अभ्यासक्रम आहेत.

दुरुस्तीचा अधिकार आता शासनानेही विचारात घेतला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी स्वतंत्र पोर्टल सुरू केले. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही अमलात आले. दुरुस्त झालेले प्रत्येक उपकरण या कचऱ्यात तेवढी घट करते.

माजी विद्यार्थी व पालकांना एक विनंती आहे. घरातील बंद पडलेले उपकरण भंगारात देण्यापूर्वी ते मुलामुलींसमोर, प्लग काढून, उघडा. मुलींना यातून वगळू नका. मिक्सर आणि इस्त्री ज्यांनी वापरावी, त्यांना ती उघडताही आली पाहिजे. आपल्यापैकी जे या व्यवसायात आहेत, त्यांनी वर्षातून एखादी दुपार वसतिगृहातील मुलांना द्यावी. हातात मल्टिमीटर धरून विचारलेला ‘का बंद पडले?’ हा प्रश्न मुलांना पाठांतरापेक्षा अधिक शिकवील, आणि उद्या दुकानदाराने काहीही सांगितले तरी ते पारखून घेण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी असेल.