लेखकनामांची तपासणी

उपयोजित वर्तनविश्लेषणाचे अमेरिकन त्रैमासिक १९६८ साली निघाले, आणि त्याच्या पहिल्याच अंकात कॅन्सस विद्यापीठातील बेअर, वुल्फ व रिझ्ली या तिघा पुरुषांनी या शाखेची लक्षणे निश्चित केली. पुढे मॅकस्वीनी आणि सहकाऱ्यांनी २००० साली अशा नियतकालिकांतील लेखकनामांची जी तपासणी प्रसिद्ध केली, तीत लेखिकांचे प्रमाण कालांतराने वाढलेले दिसले खरे, परंतु संपादकमंडळासारख्या अधिकाराच्या जागी ते कमीच आढळले. ज्या शाखेचा दैनंदिन व्यवहार, विशेषतः स्वमग्न मुलांच्या शिक्षणाचा, आज बहुतांशी स्त्रियांच्या हाती आहे, तिथे ही तफावत मला गंभीर वाटते. अशा तपासणीत नावावरून लिंग अदमासाने तरी ओळखता येते. वंश वा मातृभाषा यांची दफ्तरी नोंद मात्र लेखकांनाच विचारून करावी लागते.