मातीखालचे मापपात्र

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकास, डार्विन शहराच्या दक्षिणेला, रम जंगल नावाची युरेनियमची व तांब्याची खाण १९५४ ते १९७१ पर्यंत चालली. आणि ती बंद पडल्यावर मागे उरलेल्या दगडमातीच्या ढिगांतून, दर पावसाळ्यात जे तांबेमिश्रित आम्ल पाणी झिरपत राहिले, त्याने फिनिस नदीच्या पूर्व शाखेतील जलचरांचा संहार मांडला. ढिगांत लोह व गंधक यांचे पायराइट नावाचे खनिज असते आणि हवा-पाण्याच्या संसर्गाने त्यापासून गंधकाम्ल बनते. सबब १९८२ ते १९८६ या काळात ढिगांवर आच्छादन घालण्यात आले: तळाशी २२५ मिलिमीटर ठोकून बसवलेली चिकणमाती, तीवर २५० मिलिमीटर ओल धरणारी रेताड माती, वर धूप रोखण्यासाठी १५० मिलिमीटर खडीवाळू. पावसाच्या ५ टक्क्यांहून अधिक पाणी आत जाऊ नये, अशी अट होती. वर्षाकाठी सुमारे १५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या मुलखात ही मुभा अवघी ७५ मिलिमीटरांची.

वर गवत कितीही हिरवेगार दिसो, खालच्या पाझराची साक्ष ते देत नाही. म्हणून आच्छादनाच्या तळाशी लायसीमीटर पुरून ठेवले गेले. हे उपकरण म्हणजे तोंड उघडे, तळाशी निचऱ्याची नळी, असे मातीने भरलेले पात्र. त्याचे तोंड एक चौरस मीटर असेल, तर नळीतून आलेले एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाझर. जॉन डाल्टनने १७९६ च्या सुमारास याच तत्त्वावर मँचेस्टरजवळ पाझर मोजला, आणि रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधनकेंद्रात १८७० साली बांधलेली निचरामापके प्रसिद्धच आहेत.

परंतु खरे कौशल्य पात्राच्या उंचीत आहे. माती पाणी ओढून धरते. पात्राच्या तळाशी ती पूर्ण भिजल्यावाचून थेंबही सुटत नाही, आणि भिंती आखूड असल्या तर आतली माती बाहेरच्या मातीहून अधिक ओली होऊन वरून येणारे पाणी पात्राला बगल देते. मग आकडा कमी येतो, आणि असा खोटा दिलासा मला मोजमापाच्या अभावाहूनही घातक वाटतो. यासाठी भिंती पुरेशा उंच ठेवणे आणि आत तेथलीच माती भरणे अपरिहार्य आहे.

रम जंगलच्या नोंदी पहिली वर्षे ५ टक्क्यांच्या आत राहिल्या. मोजणी तेव्हाच थांबवली असती, तर काम फत्ते झाल्याचीच नोंद कायम झाली असती. ती चालू राहिली, आणि पुढे पाझर ५ ते १० टक्क्यांवर गेल्याचे आढळले. प्रखर उन्हाळ्यांनी चिकणमातीला भेगा पडल्या होत्या, मुळे आत शिरली होती, आणि वाळवीने त्या २२५ मिलिमीटरांतून आपल्या वाटा कोरल्या होत्या.