काठी, सावली आणि भाईंदरचा अक्षांश

20 किंवा 21 मार्चला भाईंदरमधल्या एखाद्या मोकळ्या गच्चीवर एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून ताठ उभी करा. दुपारी 12 वाजून 46 मिनिटांच्या सुमारास तिची सावली दिवसातली सर्वांत आखूड होते आणि नेमकी उत्तरेकडे पडते. (आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताची आहे. आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून मध्यान्ह इतकी उशिरा.) सावली मोजा, 35 सेंटीमीटर भरेल.

काठी, सावली आणि काठीच्या टोकावरून येणारा किरण मिळून काटकोन त्रिकोण झाला. हवा आहे तो वरचा, काठी आणि किरण यांच्यातला कोन. त्याच्या समोर सावली, लगत काठी. म्हणजे टॅन 0.35. शाळेत 30, 45, 60 अंशांच्या किमती आपण पाठ करतो. इथे किंमत हातात आहे आणि कोन शोधायचा आहे. कॅल्क्युलेटरवर टॅनचे व्यस्त फल घेतले की 19.29 अंश येतात. हाच भाईंदरचा अक्षांश!

असे का व्हावे? त्या दिवशी विषुववृत्तावर सूर्य डोक्यावर असतो, तिथला किरण सरळ पृथ्वीच्या केंद्राकडे जातो. आपली काठी मनाने खाली वाढवली तर तीही केंद्रालाच पोचते. सूर्यकिरण एकमेकांना समांतर, काठीची रेषा त्यांची छेदिका, आणि व्युत्क्रम कोन सारखे; म्हणून काठीच्या टोकाचा कोन केंद्रापाशी होणाऱ्या कोनाइतका, म्हणजेच अक्षांशाइतका. नववीच्या भूमितीतले एवढेसे प्रमेय गच्चीला पृथ्वीच्या केंद्राशी जोडते, याचे मला फार अप्रूप वाटते.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. बारा अंगुळांचा शंकू उभारत आणि विषुवदिनी मध्यान्हीच्या त्याच्या सावलीला पलभा म्हणत. भाईंदरची पलभा 4.2 अंगुळे. सूर्योदय आणि लग्न (पूर्वेला उगवणारी रास) काढायला पंचांगकर्त्यांना ती लागेच. 1150 साली सिद्धान्तशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या परंपरेत आधी कर्ण काढत. इथे तो 12.71. सावलीला कर्णाने भागून ‘ज्या’ म्हणजे साइनच्या कोष्टकात उलटा शोध घेतला की कोन मिळे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे.

मोजताना एक अडचण येते. सूर्य बिंदू नाही, आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीचे टोक सेंटीमीटरभर पुसट दिसते. त्या पुसट पट्ट्याचा मध्य धरावा. मिलिमीटरची चूक झाली तरी आपण उत्तर-दक्षिण साडेपाच-सहा किलोमीटर सरकतो, म्हणजे भाईंदरचे थेट नायगाव होऊ शकते.

कोल्हापूरला कुणी नातेवाईक असेल तर त्यालाही त्याच दिवशी, त्याच्याकडची सावली सर्वांत आखूड असताना मोजायला सांगा. तिथे ती 30 सेंटीमीटर भरेल, कोन 16.7 अंश. दोन्ही कोनांतला फरक सुमारे 2.6 अंश. दोन्ही शहरांतले दक्षिणोत्तर अंतर सुमारे 287 किलोमीटर. त्याला 2.6 ने भागून 360 ने गुणा, पृथ्वीचा परीघ येईल.