गाडी घेताना : भाग 9 – उजव्या स्टिअरिंगची जुनी जपानी एसयूव्ही घ्यावी का?

गेल्या भागात जपानमधल्या लिलावाचा कागद कसा वाचायचा ते पाहिलं. गाडीच्या आकृतीवरची ए, यू, डब्ल्यू, एस ही अक्षरं काय सांगतात, साडेतीन आणि साडेचार दर्जात फरक काय, 'आर' शेरा मिळालेली गाडी म्हणजे अपघातातून उभी केलेली गाडी, हे आता वाचकांना कळतं. या आठवड्यात एक पाऊल मागे जाऊ. कागद कितीही चांगला असला, तरी अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या माणसानं पंचवीस वर्षांची, उजवीकडे स्टिअरिंग असलेली प्राडो, पजेरो किंवा डेलिका घ्यावी का?

माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांनी घेऊ नये. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं: मला जे हवं आहे ते डाव्या स्टिअरिंगमध्ये मिळतच नाही का?

तिकडच्या मराठी घरांमध्ये या गाड्यांची ओढ का आहे, हे समजतं. 2000 नंतर हिंदुस्तान मोटर्सनं भारतात पजेरो विकायला काढली. 2.8 लिटरचं डिझेल इंजिन, मागे टांगलेलं चाक, जिल्ह्याच्या गावात ती पुढाऱ्याच्या किंवा मोठ्या कंत्राटदाराच्या दारात दिसायची. तेव्हा शाळेत असलेली मुलं आता सिएटल-टोरांटोत कमावती झाली आहेत आणि जपानमधली तशीच गाडी त्यांना परवडते. शिवाय गाडी चालवायला ही मंडळी उजव्या सीटवर बसूनच शिकली. ओढ खरी आहे, पण गाडी रोज चालवायची आहे.

आधी नियमाचं बघू. अमेरिकेत आलेली गाडी तिथल्या संघीय सुरक्षा मानकांनुसार बनलेली असावी लागते. गाडीला तयार होऊन 25 वर्षं झाली की ही अट सुटते. 1988 च्या कायद्यानं खासगी आयातीच्या बाकीच्या वाटा जवळजवळ बंद केल्या आणि सामान्य माणसासाठी हीच वाट उरली. प्रदूषणाची संघीय सूट 21 वर्षांनंतर मिळते, पण इंजिन मूळ अवस्थेत असेल तरच. कॅनडात सुरक्षेसाठी 15 वर्षं पुरतात. अमेरिकेतली 25 वर्षं तयार झालेल्या महिन्यापासून मोजतात. ऑगस्ट 2000 मध्ये कारखान्यातून निघालेली गाडी ऑगस्ट 2025 च्या आधी नियमात बसत नव्हती. जपानी कागदावर बहुधा पहिल्या नोंदणीचा महिना असतो आणि तोही सम्राटाच्या कालगणनेत. हेइसेइ 12 म्हणजे 2000. नोंदणी उत्पादनानंतरच होते, त्यामुळे नोंदणीला 25 वर्षं पुरी झाली असतील तर काळजी नाही. नोंदणीला काही महिने कमी पडत असतील, तर मात्र कारखान्याची तारीख दाखवणारा पुरावा आधी मागावा.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. यातल्या बऱ्याच गाड्यांची सख्खी भावंडं अमेरिकेत डाव्या स्टिअरिंगसह विकली गेली आहेत. हायलक्स सर्फ म्हणजे तिथली फोररनर. पजेरो म्हणजे माँटेरो. इसुझू बिगहॉर्न म्हणजे ट्रूपर. लँड क्रूझर 80 आणि 100 तर त्याच नावानं विकल्या गेल्या, शिवाय लेक्सस एलएक्स 450 आणि 470 म्हणूनही. पेट्रोल चालणार असेल, तर यांच्यासाठी समुद्रापलीकडून गाडी आणण्यात मला अर्थ दिसत नाही. स्थानिक भावंडाचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, मेकॅनिकला इंजिन ओळखीचं असतं, विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळतं.

ज्या गाड्यांना तिथे भावंडच नाही, त्यांची गोष्ट निराळी. डेलिका स्पेस गिअर घ्या. सात-आठ माणसं बसतात, फोर व्हील ड्राइव्ह आहे आणि उंचीमुळे खडबडीत वाटेवरही चालते. त्या काळात अमेरिकेत असं काही विकत मिळत नव्हतं. 90 मालिकेची प्राडो तिथे आलीच नाही. निसान सफारी आली नाही. सुझुकीची समुराई 1995 ला बंद झाल्यावर पुढची जिम्नी आली नाही. आणि डिझेल लँड क्रूझर हे तर आजही अनेकांचं स्वप्न आहे. यांपैकी एखादीची खरी गरज असेल, तर पुढचं वाचावं.

सगळ्यात जास्त विचार रस्त्याचा करावा. उजवीकडून चालणाऱ्या देशात उजव्या सीटवरचा चालक फुटपाथला चिकटून बसतो. दुपदरी रस्त्यावर पुढे ट्रक असला की त्याला समोरचं काहीच दिसत नाही. डाव्या सीटवरचा माणूस मान जराशी बाहेर काढून समोरून कोण येतंय ते बघतो. उजवीकडच्याला ते बघायचं तर अर्धी गाडी समोरच्या पदरात न्यावी लागते, म्हणजे डोळ्यांच्या आधी बंपर तिकडे पोचतो. चौकात डावीकडे वळताना समोरही कोणी डावीकडे वळायला थांबलेलं असेल, तर त्या गाडीच्या आडून सरळ येणारी वाहनं त्याला आणखी उशिरा दिसतात. ही नुसती भीती नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारी विमा महामंडळाच्या माहितीवरून अभ्यास झाला होता. उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांमध्ये चालकाच्या चुकीनं होणाऱ्या अपघातांचा धोका तशाच डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांपेक्षा 40 टक्क्यांहून अधिक असल्याचं त्यात आढळलं. क्वेबेकनं तर 25 वर्षांपेक्षा नव्या अशा गाड्यांची नोंदणीच थांबवली.

दुभाजक असलेल्या महामार्गावर मात्र फारसा त्रास होत नाही. अमेरिकेच्या ग्रामीण भागात टपाल वाटणारे लोक मुद्दाम उजव्या स्टिअरिंगच्या जीप वापरतात, कारण टपालपेटी कडेला असते. डोंगरातल्या अरुंद वाटेवर दरीची कड उजवीकडे असेल, तर याच सीटवरून ती नीट दिसते. त्यामुळे निर्णय तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर अवलंबून आहे. घर ते ऑफिस हा रस्ता दुपदरी असेल आणि त्यावर ट्रकांची वर्दळ असेल, तर ही तुमची रोजची गाडी होऊ नये.

आपल्याकडून गेलेल्या चालकांना आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. बऱ्याच वर्षांनी उजव्या सीटवर बसलं की हाताला जुनं सगळं आठवतं. इंडिकेटरची दांडी मारुतीसारखी उजवीकडे सापडते, बरं वाटतं. पण त्यासोबत डावीकडून चालण्याची जुनी सवयही जागी होते. धोका गर्दीत नसतो, गर्दीत पुढच्या गाडीमागे जाता येतं. रिकाम्या पार्किंगमधून सकाळी लवकर बाहेर पडताना, रस्त्यावर दुसरं कोणी नसताना, गाडी डाव्या पदरात जाते. सुरुवातीचे काही दिवस शेजारी जाणतं माणूस बसवावं आणि वळण घेताना त्यानं मोठ्यानं सांगावं.

हेडलाइटचा मुद्दा बहुतेक विक्रेते काढत नाहीत. लो बीमचा झोत वरून सपाट कापलेला नसतो. डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेल्या दिव्यात त्याची डावी कड वर उचललेली असते, म्हणजे कडेचे फलक आणि पायी चालणारी माणसं दिसावीत. तीच गाडी उजवीकडून चालवली की ही उचललेली कड नेमकी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जाते. रात्री गाडी भिंतीसमोर सात-आठ मीटरवर उभी करून लो बीम लावा. भिंतीवर उजेडाची कड डावीकडे चढताना दिसली, तर दिवे बदलायला हवेत. दिवे खाली झुकवून समोरच्याचे डोळे वाचतील, पण तुमचा रस्ता अंधारात जाईल. ज्या मॉडेलची डावी आवृत्ती कुठल्या तरी देशात विकली गेली, तिचे योग्य दिवे शोधले तर मिळतात. फक्त जपानसाठी बनलेल्या मॉडेलला ते मिळतील का, हे पैसे भरण्याआधी शोधावं.

आता गाडीच्या पोटाखाली जाऊ. जपाननं 2001 मध्ये वाहनांच्या नायट्रोजन ऑक्साइड आणि धूलिकणांविषयीचा कायदा कडक केला. टोकियो, नागोया आणि ओसाकाच्या पट्ट्यांत जुन्या डिझेल गाड्यांना पुढची नोंदणी मिळेनाशी झाली. अशा गाड्या परदेशी गेल्या, भंगारात गेल्या किंवा देशातच कायद्याबाहेरच्या प्रांतांत गेल्या. त्यामुळे आज लिलावात दिसणारी डिझेल फोर व्हील ड्राइव्ह होक्काइदो किंवा तोहोकूसारख्या बर्फाच्या प्रदेशातून आलेली असण्याची शक्यता मोठी. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं आणि ते चासी खातं. वरून चकचकीत, आतून सीट स्वच्छ, रनिंग कमी, आणि खाली मागच्या चाकांच्या वर जिथे चासीची पट्टी ॲक्सलवरून वाकून जाते तिथे लोखंड पापुद्र्यांनी सुटत असतं.

म्हणून गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊ नये. हातोडीच्या दांड्यानं चासीवर ठोकत जावं. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेल्या जागी धप्प आवाज येतो. ब्रेकच्या नळ्या, बॉडी जिथे चासीवर बसते त्या जागा आणि मागचा क्रॉस मेंबर आधी बघावा. खालचं सगळं ताज्या काळ्या रंगात न्हालेलं दिसलं, रबरी बुश, नटबोल्ट, सायलेन्सरचे हुक, सगळं एकाच काळ्या रंगाचं असलं, तर मी ती गाडी सोडून देईन. तो रंग गंज थांबवण्यासाठी मारलेला असू शकतो. झाकण्यासाठीही असू शकतो, आणि खालून उभं राहून हा फरक कळत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात. प्राडो आणि सर्फमधलं 3 लिटरचं 1केझेड-टीई डिझेल दणकट आहे, पण त्याचं ॲल्युमिनियमचं हेड गरम झालं की तडकतं. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून बघावं, आणि इंजिन चालू असताना कूलंटमध्ये बुडबुडे येतात का तेही. लँड क्रूझर 80 च्या सुरुवातीच्या टर्बो डिझेलमध्ये कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बदललेत का, हे विचारावं. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर तो बदललेला नाही असं धरूनच भाव करावा.

राज्याच्या कार्यालयाचं आणि विम्याचं काम गाडी पसंत करण्याआधी करावं. केंद्राची सूट मिळाली म्हणजे राज्य नोंदणी देईलच असं नाही. कॅलिफोर्नियात 1975 नंतरच्या मॉडेलला राज्याची स्वतःची प्रदूषण मानकं लागतात, तिथे जपानी डिझेल आणायचं म्हणजे डोकेदुखी. जपानी गाडीवर सतरा आकडी नंबर नसतो, फक्त चासी क्रमांक असतो, आणि अनेक विमा कंपन्यांच्या संगणकाला तो पचत नाही. क्लासिक गाडीचा विमा मिळतो, पण त्यात रोजच्या वापराला बंदी असण्याची शक्यता असते. पॉलिसीची ती ओळ स्वतः वाचावी. घरात लहान मूल असेल, तर मागच्या सीटला बाळाची सीट अडकवायचे हुक आहेत का बघावं. अमेरिकेत ते 2002 पासून सक्तीचे झाले, जपानच्या 2000 सालच्या गाडीत बहुधा सापडणार नाहीत. रेडिओही 76 ते 90 मेगाहर्ट्झचा असतो, अमेरिकेतली बहुतेक स्टेशनं त्यावर लागत नाहीत. ते मात्र किरकोळ.

पैशांचं बघायचं तर प्रवासी गाडीवर अमेरिकेचं मूळ आयात शुल्क अडीच टक्के, मालवाहू गाडीवर 25 टक्के. कस्टम्सनं तुमची गाडी मालवाहू ठरवली, तर सगळा हिशेब बदलतो. 2025 पासून शुल्काचे नियम इतक्यांदा फिरले आहेत की दलालाकडून त्या महिन्याचा आकडा लेखी घ्यावा. जहाजाचं भाडं, दलाली, बंदरावरचा खर्च हे त्यावर. गाडीच्या खाली परदेशी माती चिकटलेली असेल, तर कस्टम्स ती धुऊन आणायला लावतं, त्याचंही बिल येतं.

पहिल्यांदाच घेणाऱ्यानं मात्र जपानमधून मागवण्याऐवजी तुमच्याच राज्यात आधीच नोंदलेली गाडी बघावी. किंमत जास्त पडेल. पण टायटल त्याच राज्याचं असतं, गाडी हातानं तपासता येते आणि आधीच्या मालकाला हिवाळ्यातला अनुभव विचारता येतो. विकणारा लिफ्टवर चढवू द्यायला तयार नसेल, तर तिथून निघावं.

अशी गाडी पुढे भारतात नेता येईल का, असाही प्रश्न काहींना पडतो. स्टिअरिंग तर भारतासारखंच आहे. पण भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. पंचवीस वर्षांच्या प्राडोची भारतवारी तिथेच संपते.

पुढच्या आठवड्यात : दिवे, फिल्टर, बेल्ट आणि बेअरिंग. जपानी गाडीचे भाग कुठून मागवायचे आणि पार्ट क्रमांक कसा शोधायचा.